समुद्रातल्या पवनचक्कीचा 'पाया' म्हणायचं का 'खुंट'?

मी बाणेरला एका डिझाइन ऑफिसात काम करते, सध्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या फाउंडेशनचं चाललंय. परवा आईला सांगत होते तर ती म्हणाली, "अगं पण समुद्रात पाया खणतात कसा?" आई कसब्यातल्या वाड्यात वाढलेली, तिच्या लेखी पाया म्हणजे चर खणायचा, दगड-चुना भरायचा आणि वर जोतं उचलायचं. मोनोपाइलमध्ये, म्हणजे एकाच खांबाच्या फाउंडेशनमध्ये, यातलं काहीच नाही हो. जाड पोलादी प्लेटचा पोकळ नळा असतो, आता तर दहा-दहा मीटर व्यासाचे करतात, म्हणजे आमच्या सोसायटीसमोरचा आख्खा रस्ता आडवा त्यात मावेल, तो जहाजावरून उभा धरतात आणि हायड्रॉलिक हातोड्याने समुद्राच्या तळात ठोकत नेतात. खणणं नाही, भरणं नाही. आणि घराचा पाया वजन पेलतो, इथे खरी भीती आडव्या जोराची, वारा आणि लाटा सारख्या ढकलत असतात आणि नळा भोवतालच्या मातीवर रेलून तग धरतो. मला मुलांसाठी मराठीत लेख लिहायचाय, शब्द कुठला घेऊ?

—

ताई, बिनधास्त 'खुंट' घ्या. मी पालघरकडचा, आता कोथरूडला असतो. आमच्याकडे डोल जाळं, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावायला समुद्राच्या तळात खुंटच ठोकतात, लाकडाचे, आणि भरती-ओहोटीची ओढ जाळ्यावर येते ती सगळी खुंटावर जाते. म्हणजे भार आडवाच की! तुमचं काम तेच, फक्त पोलादात.

—

मला वाटतं 'पाया' सोडू नये, तो सगळ्यांचा मिळून एक शब्द राहू दे आणि त्याच्या पोटात प्रकार. डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ साली समुद्रातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या ११ पवनचक्क्या उभ्या केल्या, त्या काँक्रीटच्या जड बैठकीवर होत्या, नुसत्या स्वतःच्या वजनाने तळावर बसलेल्या, त्याला 'बैठा पाया' म्हटलं तर कुणालाही कळेल. ठोकलेल्याला 'मेढ' पण चालेल, मुहूर्तमेढ रोवतो म्हणतो त्यातली मेढ म्हणजे मांडवाचा खांबच. फक्त क्रियापद सांभाळा. मेढ रोवतात, खांब पुरतात, खुंट ठोकतात. आमच्या पेठेत गणपतीचा मांडव घालताना आधी पहारेने खड्डा करतात मग बांबू आत सोडतात, ते 'पुरणं' झालं, ठोकणं नाही.

—

खुंट ठरला! दादा, डोल जाळ्याचं उदाहरण लेखात घेतेच, आडवा भार समजवायला यापेक्षा चांगलं काय मिळणार. आणि आपल्याकडे 'हलवून खुंटा बळकट करणे' म्हणतात ना, ते इथे अर्धं खरं निघतं. सैल वाळूत खुंट वर्षानुवर्षं हलत राहिला की वाळूचे कण दाबून बसतात आणि पकड वाढूही शकते, पण चिकणमातीत उलटं, हलवून हलवून ती मऊ पडते. त्यामुळे त्या हलण्याचा हिशोब करण्यात आमचे महिने जातात.

'पायाखालची वाळू सरकणं' तर इथे शब्दशः. प्रवाह खुंटाला वळसा घालतो तेव्हा बुडाशी भोवरे होतात, वाळू उपसली जाते आणि खड्डा पडतो. मग भोवती दगड टाकावे लागतात, त्याला धरणावरचा 'पिचिंग' हा शब्द चालेल ना, तो आपल्याकडे सगळे वापरतातच.

सक्शन बकेट नावाचा पायाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला मी 'उपडी बादली' लिहिलंय, तळावर उपडी ठेवायची आणि आतलं पाणी पंपाने उपसायचं, की बाहेरच्या पाण्याचा दाब तिला खाली रेटतो, हातोडा लागतच नाही. तरंगणाऱ्या पवनचक्कीच्या बुडाला मात्र पाया म्हणवत नाही. २०१७ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर हायविंड प्रकल्पाच्या पाच पवनचक्क्या लागल्या त्या साखळ्यांनी नांगरलेल्या आहेत, तिथे 'नांगरलेली' हाच शब्द बरोबर वाटतो.

पायाचा जॅकेट हा प्रकार राहिला होता, म्हणजे तो पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा, खोल पाण्यात लावतात. आईला फोटो दाखवला, तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "ही घडवंची आहे, हंडे ठेवायची." चार पाय, मधे तिरपे आडवे दांडे, वर सपाट. लेखात तेच जाणार आहे.