आईच्या डब्यांचं काय करू?

संत्राबर्फी:
आई ६१ची. मानेवाड्याच्या मैदानावर सकाळी फिरताना एक ‘वेलनेस कोच’ ताई भेटल्या. वजनकाट्यासारख्या मशीनवर उभं करून सांगितलं, मावशी, तुमच्या हाडांचं वय ७५! झालं, हाडांसाठीच्या गोळ्यांचे डबे घरी आले. ताई आधी साड्या विकायच्या, पण आईला त्यांचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा.
तीन महिने झाले. पंधरा दिवसांपासून आई तांब्याने पाणी पिऊन राहिली, रात्री चारदा उठते, जेवण नको, पोट साफ नाही. मे महिना, म्हटलं ऊन लागलं. पन्हं दिलं, पदराला कांदा बांधला. ताई म्हणतात, शरीरातली घाण निघून राहिली, डोस वाढवा. बंद करू का?

केमिस्ट_काका:
२६ वर्षं काउंटरवर होतो. डब्यामागची बारीक अक्षरं वाच, व्हिटॅमिन डी३ किती? घरात डॉक्टरांनी दिलेली डी३ची ६०,००० युनिटची पुडी आहे का, आठवड्यातून एकदाची?

संत्राबर्फी:
आहे ना काका, फ्रिजवरच. आई नेमाने घेते. डब्यातली गोळी ५,०००ची, ताईंनी दिवसातून दोन सांगितल्या. कॅल्शियमचा डबा वेगळा.

केमिस्ट_काका:
म्हणजे आठवड्याला ७०,००० डब्याचे, वर ६०,००० पुडीचे. सी जास्त झालं तर लघवीवाटे जातं, डी चरबीत साठतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ त्यानेच होऊ शकते, अन् पुढे किडनीवर येतं. डबे अन् पुडी, सगळं बंद कर, आजच फिजिशियनला दाखव. डबे पिशवीत घालून सोबत ने.

तर्री_पोहा:
आमच्या बाबांनी गुडघ्यासाठी ‘जडीबुटी’ची पूड घेतली होती. आठवड्यात जिने चढायला लागले! मग चेहरा गोल, साखर ३४०. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड मिसळलेलं असावं. तशी पूड असेल तर मात्र मनाने एकदम सोडू नका, ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

बर्डीवाला:
डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा नंबर आहे ना? मग काऊन घाबरता?

केमिस्ट_काका:
भाऊ, तो १४ आकडी नंबर लोणच्याच्या बरणीवरही असतो.

संत्राबर्फी:
धंतोलीत दाखवलं. कॅल्शियम १३.१ निघालं, साडेदहाच्या आत पाहिजे म्हणे. क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडनीवरही आलं. भरती केलं, सलाइन सुरू आहे. मघाशी ताईंचा फोन आला, पुढच्या महिन्याचे डबे मावशींच्या नावाने काढून ठेवलेत. मी बोलणारच होतो, तर आई पलंगावरून म्हणते, “रागावू नको बाप्पा तिला, तिलेही टार्गेट असते.”