मदत हवी आहे: मामांच्या मानपत्रावर हुद्दा काय लिहू? (उद्या सहापर्यंत)

शेवपोहे:
रविवारी आमच्या मंडळात मामांचा सत्कार आहे. फौजेतून निवृत्त. मानपत्राचा मजकूर उद्या सहाला छापखान्यात द्यायचाय आणि हुद्द्यापाशी गाडी अडलीये. अध्यक्षांनी आपल्या मनानं फ्लेक्सवर "निवृत्त आर्मी ऑफिसर" टाकलं. मामांनी तो राजेंद्र नगरात पाहिला आणि तिथूनच फोन: "मी ऑफिसर कधी होतो? आधी ते उतरवा, मग मी येतो." मग काय होतात, तर म्हणे "कागद बघ". दोन कागदांवर दोन वेगळी पदं आहेत. बरोबर कुठलं? लवकर सांगा.

गराडूप्रेमी:
शाल आणि श्रीफळ राजवाड्याजवळून घ्या, कॉलनीतल्या दुकानात दीडपट लावतात.

निवृत्त फौजी, सागर:
कुठली दोन पदं? रेजिमेंट कुठली? नोकरी किती वर्षं? काहीच न सांगता "लवकर सांगा"?

शेवपोहे:
सॉरी. मराठा लाइट इन्फंट्री, 24 वर्षं. डिस्चार्ज बुकात हवालदार आहे आणि युनिटच्या निरोपपत्रात सीएचएम. फोटोत दंडावर तीन फिती दिसतात.

गराडूप्रेमी:
हवालदार म्हणजे चौकीवरचे ना? मग पोलिसात होते असं लिहा की भिया.

निवृत्त फौजी, सागर:
नाही हो! फौजेतला हवालदार वेगळा. इंग्रजांकडचा सार्जंट तो आपल्याकडे हवालदार. 1965 च्या लढाईत परमवीर चक्र मिळालेले अब्दुल हमीद कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. 1948 चे पिरू सिंग कंपनी हवालदार मेजर, म्हणजे तेच सीएचएम.
शेवपोहे, सीएचएम हा हुद्दा नाही, नेमणूक आहे. हुद्दा हवालदारच. पण ती नेमणूक कुणालाही देत नाहीत. अख्ख्या कंपनीची शिस्त, हजेरी, ड्यूट्या त्याच्या डोक्यावर. आमचे सीएचएम सकाळच्या फॉलइनला वही न उघडता सगळी नावं घ्यायचे आणि कोण रात्री नीट झोपला नाही तेही सांगायचे. कंपनी कमांडर दोन-तीन वर्षांत बदलतात, घर सांभाळतो तो हवालदार मेजर. मजकुरात हे येऊ द्या. "शौर्याची परिसीमा" वगैरे नको, म्हातारा माणूस अवघडतो.

हिशेबनीस:
पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, काय आहे ते बघा. 2006 पासून मानद नायब सुभेदारांचं पेन्शन नायब सुभेदाराच्या हिशेबानं धरतात. खूप जणांचं चुकलेलं असतं. बँकेत जाऊन

हिशेबनीस:
(अर्धवट गेलं.) बँकेत जाऊन विचारा.

शेवपोहे:
पेन्शनचं विचारलंच नाहीये हो. पण तुमच्यामुळे मामींना फोन केला. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत (झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव, अजून ठळक) बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं एक पत्र निघालं. मानद नायब सुभेदार! मामा कधी बोललेच नाहीत. आता तीन झाली.

निवृत्त फौजी, सागर:
तरी म्हटलं! चांगल्या हवालदाराला निवृत्त होताना हा वरचा हुद्दा मान म्हणून देतात. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला याद्या निघतात. "मानद नायब सुभेदार" लिहा, विषय संपला.

होळकरशाही:
इंदुरात सुभेदार म्हटलं की एकच, सुभेदार मल्हारराव होळकर! मानपत्राची सुरुवात त्यांच्यापासून करा. मी चार ओळी देतो.

महूची सून:
दादा, ते सुब्याचे सुभेदार, हे पलटणीचे. गल्लत नको.

रिकामटेकडा:
पण नायब सुभेदार म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ). म्हणजे अध्यक्षांचं "ऑफिसर" चुकलं कुठे?

निवृत्त फौजी, सागर:
पुस्तकात बरोबर, पलटणीत चूक. ऑफिसर म्हणजे लेफ्टनंट आणि वरचे. जेसीओला आम्ही "साहेब" म्हणतो. 1965 पर्यंत नायब सुभेदाराला जमादार म्हणायचे, ते बदललं.

महूची सून:
बाबासाहेबांचा जन्म आमच्या महूचा, 1891 चा. वडील तेव्हा तिथल्या लष्करी शाळेत शिकवायचे. त्यांना अजून सगळे सुभेदार रामजी सपकाळच म्हणतात, ऑफिसर कोणी म्हणतं का? मामांचा राग रास्त आहे.
आणि "निवृत्त" हुद्द्याला चिकटवू नका, नावानंतर कंसात घाला. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. माझे सासरे यावरून लग्नाच्या पत्रिका परत पाठवायचे.

हिशेबनीस:
सरकारी कागदावर "एक्स हवालदार" असंच असतं. माझ्याकडे पुरावा आहे.

महूची सून:
कारकुनाच्या सोयीचं ते. मानपत्र काय पेन्शनचा फॉर्म आहे का?

शेवपोहे:
भांडू नका हो. अजून एक, पदकं कोटावर कुठल्या बाजूला? मामी ब्रासो घेऊन बसल्यात.

निवृत्त फौजी, सागर:
स्वतःची असतील तर डाव्या छातीवर. कुणाच्या माघारी घरच्यांनी लावली तर उजव्या. मंडळातलं कुणी स्टेजवर सरळ करायला जाईल, त्याला आधीच सांगून ठेवा.

शेवपोहे:
मजकूर दिला. "मानद नायब सुभेदार", मग नाव, मग (निवृत्त). खाली: "सीएचएम म्हणून कंपनीची शिस्त आणि जवानांची काळजी वाहिली." आज सकाळी मामांना वाचून दाखवला. ऐकलं, चष्मा पुसला, म्हणाले, "कंपनीचं नाव राहिलं. ब्राव्हो कंपनी. ते माझ्या नावाच्या वर घाल." छापखानेवाल्याला परत फोन केला, तो वैतागला, पण केलं त्यानं. फ्लेक्सही उतरवला. सगळ्यांचे आभार.

होळकरशाही:
मल्हाररावांवरच्या चार ओळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्या आहेत.

गराडूप्रेमी:
पोहे कुणाला सांगितले?