मदत हवी आहे : फिल्टर उघडताना आवाजात कट-कट येते (शनिवारी प्रयोग आहे)

विंगेतली | मंगळवार, रात्री ११:५२
एकांकिकेचा ध्वनी करतेय. सुरुवातीला रेडिओवर जात्यावरची ओवी लागलेली असते आणि आजी ऐकत बसलेली असते. मग प्रकाश बदलतो, आणि तीच ओवी हळूहळू रेडिओतून बाहेर येऊन सगळं नाट्यगृह भरून टाकते. त्यासाठी फिल्टर (आवाजातला वरचा-खालचा भाग कापणारा) लावलाय आणि ४० सेकंदांत तो उघडत नेलाय. पण उघडताना सारखी बारीक कट-कट-कट ऐकू येते, कुणीतरी शेजारी बसून कागद चुरगाळतंय अशी. तीन रात्री यातच गेल्या. फिल्टरच्या प्लगिनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडलेल्या साधनात) जे जे फिरवता येतं ते फिरवून झालं. नेमकं काय करायचं तेवढं सांगा, शनिवारी प्राथमिक फेरी आहे.

लेटन्सी_झीरो | बुधवार, सकाळी ७:१०
बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) वाढवा. १२८ वर असेल, १०२४ करा. विंडोज असेल तर एसिओ ड्रायव्हर (आवाजासाठीचा जलद ड्रायव्हर) टाका. माझ्याकडे दोन वर्षं अशीच कट-कट होती, ड्रायव्हर बदलल्यावर एका मिनिटात गेली. दहातल्या नऊ जणांचं दुखणं हेच असतं.

खर्जातला_सा | बुधवार, सकाळी ८:२५
ताई, काहीच माहिती दिलेली नाही. सॉफ्टवेअर कुठलं? प्लगिन कुठलं? फिल्टर हलवता कसा, हाताने की ऑटोमेशनने (आधीच आखून ठेवलेल्या रेषेने)? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाइल रेंडर केल्यावर (पूर्ण तयार करून साठवल्यावर) त्यातही कट-कट येते का? येत असेल तर बफरचा संबंधच नाही. रेंडर करताना संगणक हवा तेवढा वेळ घेतो, त्याला घाई नसते.

विंगेतली | बुधवार, सकाळी ९:०२
रेंडरमध्येही येते. रीपर आहे. ऑटोमेशनच केलंय, हाताने कसं करणार. बफर १०२४ करून पाहिला, फरक नाही.

लेटन्सी_झीरो | बुधवार, सकाळी ९:१५
२०४८ करून बघा.

मध्यमलहर | बुधवार, सकाळी ९:४०
रेडिओचा आवाज हवा असेल तर ३०० ते ३४०० हर्ट्झ ठेवा, बाकी सगळं कापून टाका. बरोब्बर रेडिओ होतो.

सोल्डर_आणि_तार | बुधवार, सकाळी १०:०५
@मध्यमलहर, ३०० ते ३४०० हा टेलिफोनचा पट्टा आहे, रेडिओचा नव्हे. आपल्याकडे मध्यम लहरीवरच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे घरगुती संचात साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज उरतो. खालची बाजू स्पीकर आणि खोक्यावर अवलंबून. लाकडी खोक्याच्या संचाला बऱ्यापैकी खर्ज असायचा. आजीच्या रेडिओला ३०० हर्ट्झखाली कापलंत तर तो रेडिओ राहणार नाही, पलीकडून फोनवर कुणी ओवी म्हणतंय असं वाटेल. १५०च्या आसपास हलका उतार द्या. आणि मोनो करा, हे सगळेच विसरतात.

खरं विचाराल तर प्लगिनच नको. जुना संच मिळवा, त्यातून ओवी वाजवा आणि समोर माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. हॉलिवूडचा ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यालाच ‘वर्ल्डायझिंग’ म्हणायचा. खोक्याची थरथर कुठल्याही प्लगिनमध्ये नसते.

मध्यमलहर | बुधवार, सकाळी १०:३०
‘मध्यम लहर ३७८.८ मीटर्स, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झवर’ हे पुणे केंद्राचं वाक्य ऐकत मोठा झालोय, आमच्या घरचा रेडिओ कसा वाजायचा ते मला सांगू नका. पण मोनोचं मान्य.

ग्राउंड_लूप | बुधवार, सकाळी ११:१२
घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण हमखास असते. नॉच फिल्टर घ्या, ५०, १००, १५० आणि २०० या चार ठिकाणी अरुंद खाच मारा. २००ची खाच बायकांच्या आवाजाच्या पट्ट्यातच येते, म्हणून ती सगळ्यात अरुंद ठेवा. फार उपयोग होतो.

विंगेतली | बुधवार, दुपारी १:२०
गुणगुण नाहीये. वाईजवळ मावशीच्या घरी वीज गेलेली असताना बॅटरीवरच्या रेकॉर्डरवर केलंय. पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही, मावशीला आता गाता येत नाही. हा एकच तुकडा आहे, त्यामुळे त्याला काही होऊ द्यायचं नाही. खरा रेडिओ रंगमंचावर असेल, पण वाजणारा नाही. स्पर्धेत मांडणीला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यात तारा कुठून ओढू?

अजून एक विचित्र गोष्ट. जात्याचा खुंटा ठक्कन वाजतो ना, त्या प्रत्येक ठोक्याच्या *आधी* बारीक ‘ऊं’ असं ऐकू येतं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते नाही. आधी वाटलं मलाच भास होतोय, पण दिग्दर्शकालाही ऐकू आलं.

खर्जातला_सा | बुधवार, दुपारी १:३४
थांबा! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ठोक्याच्या आधी आवाज म्हणजे तुमचा फिल्टर लिनिअर फेज मोडवर आहे. बघा बरं, प्लगिनमध्ये फेज किंवा मोड असं काही लिहिलंय का? आणि स्लोप, म्हणजे कापण्याचा उतार, किती आहे?

विंगेतली | बुधवार, दुपारी १:५८
हो, खाली ‘लिनिअर फेज’ लिहिलंय. यूट्यूबवर एकाने तोच सगळ्यात स्वच्छ असतो असं सांगितलं म्हणून लावला. स्लोप ९६. रेडिओ नीट कापला जावा म्हणून सगळ्यात जास्त ठेवला.

खर्जातला_सा | बुधवार, दुपारी २:४०
दोन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच आहे. नीट सांगतो.

साधा फिल्टर, म्हणजे मिनिमम फेज किंवा झीरो लेटन्सीवाला (विलंब न करणारा), आवाज आला की त्यावर लगेच काम करतो. त्याचे पडसाद ठोक्याच्या *नंतर* उमटतात आणि कान ते सहज माफ करतो, कारण खऱ्या जगात नाद ठोक्यानंतरच येतो. लिनिअर फेज फिल्टर आवाजाचा एक लांब तुकडा हातात धरतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सारखं काम करतो. ४८ किलोहर्ट्झला ४०९६ नमुन्यांचा तुकडा धरला तर तो सुमारे ८५ मिलिसेकंदांचा होतो. त्यातले अर्धे पडसाद ठोक्याच्या आधी येतात. तुमचा ‘ऊं’ तो हाच. स्लोप जितका तीव्र आणि कटऑफ (जिथून फिल्टर कापायला लागतो ती जागा) जितका खाली, तितका तो लांबतो. ९६ म्हणजे कटऑफपासून एक सप्तक पलीकडे गेलं की ९६ डेसिबल कमी, म्हणजे जवळजवळ भिंतच.

आता कट-कट. कटऑफ हलला की लिनिअर फेजला तो सगळा तुकडा नव्याने बांधावा लागतो. जुन्या आणि नव्या तुकड्याच्या सांध्यावर टक् होतं. ४० सेकंद सतत हलवताय म्हणजे शेकडो सांधे. एका जागी ठेवायच्या फिल्टरला तो मोड चांगला, हलवायच्या फिल्टरला नाही.

मोड बदला, स्लोप १२ करा. फार तर २४.

लेटन्सी_झीरो | बुधवार, दुपारी ३:०५
मोड बदलल्याने लेटन्सी कमी होईल, म्हणजे मी म्हणत होतो तेच.

खर्जातला_सा | बुधवार, दुपारी ३:१०
नाही, तुम्ही बफर म्हणत होता. ती लेटन्सी वेगळी, ही वेगळी.

तारसप्तक | बुधवार, दुपारी ४:२२
एवढं सगळं कशाला? दोन ट्रॅक करा. एकावर रेडिओचा आवाज, एकावर मूळ ओवी. ४० सेकंदांत एक खाली न्या, दुसरा वर आणा. फिल्टर हलवायचाच नाही.

खर्जातला_सा | बुधवार, दुपारी ४:५०
मिनिमम फेजचा फिल्टर आणि मूळ आवाज एकत्र मिसळले की कटऑफच्या आसपास दोघांची फेज, म्हणजे लहरींच्या चढ-उताराची वेळ, जुळत नाही. मधल्या दहा-पंधरा सेकंदांत आवाज पोकळ होतो, मडक्यातून आल्यासारखा.

तारसप्तक | बुधवार, संध्याकाळी ५:१५
मग तिथे लिनिअर फेज लावा ना! फिल्टर स्थिर आहे, रीपर विलंब आपोआप भरून काढतो, दोन्ही ट्रॅक बरोबर जुळतात. स्लोप १२ ठेवला तर ‘ऊं’ पण ऐकू येणार नाही. तुम्ही स्वतःच म्हणालात, एका जागी ठेवायचा असेल तर चांगला.

खर्जातला_सा | बुधवार, संध्याकाळी ५:४८
हे बरोबर आहे, मानलं. पण ऐकायला फरक पडतो. अशा क्रॉसफेडमध्ये (एक खाली, दुसरा वर) रेडिओ तिथेच राहतो आणि त्याच्या मागून दुसरी बाई गायला लागते. ताईंना तोच रेडिओ उघडत जायला हवाय.

विंगेतली | बुधवार, रात्री ११:३०
गेली!! कट-कट पूर्ण गेली, ‘ऊं’ पण नाही. खर्जातला_सा, मनापासून आभार. तारसप्तक यांचंही करून पाहिलं. सा म्हणतात तसंच झालं, दोन बायका वाटतात, आणि मला मावशी एकच हवी आहे. खालचा कटऑफ सोल्डर काकांच्या सल्ल्याने १५०वर आणला, आता आजीच्या घरातला रेडिओ वाटतोय.

पण दोन गोष्टी राहिल्यात. फिल्टर वर जाताना मधेमधे शीळ घातल्यासारखं येतं. आणि पहिल्या दहा सेकंदांतच सगळं उघडून जातं, पुढचा अर्धा मिनिट काहीच घडत नाही.

सोल्डर_आणि_तार | गुरुवार, सकाळी ६:४५
शीळ रेझोनन्सची. क्यू, म्हणजे कटऑफपाशी आवाज किती टोकदार उचलायचा तो आकडा, किती ठेवलाय? आवाजात मूळ स्वराच्या पटीतले अनेक स्वर असतात. ओवी २२० हर्ट्झला लागली असेल तर ४४०, ६६०, ८८० असे वर चढत जातात. कटऑफला टोक काढलेलं असेल तर तो चढताना एकेका स्वराला उचलून पुढे करतो, तीच शीळ. सिंथेसायझरमध्ये हे मुद्दाम करतात. मूग कंपनीच्या सिंथेसायझरमधल्या २४ डेसिबलच्या फिल्टरची सारी ओळख त्यावरच आहे. इथे नको. ०.७१ ठेवा, त्याला टोक येत नाही.

वेगाचं म्हणाल तर कान हर्ट्झ मोजत नाही, सप्तकं मोजतो. ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत दोनच सप्तकं आहेत, आणि ओवीत १० हजारांच्या वर श्वास आणि जात्याची घरघर सोडून फारसं काही नाही. म्हणून ५ ते ८ हजार हा टप्पा सगळ्यात सावकाश जाऊ द्या, निदान २० सेकंद. खालचा फिल्टर आत्ता त्याच वेळी उघडताय का? तो मागे ठेवा. आधी वरून उजेड येऊ दे, जात्याचा खर्ज शेवटच्या दहा सेकंदांत येऊ दे. पायाखालची जमीन हलल्यासारखं वाटेल.

मध्यमलहर | गुरुवार, सकाळी ८:००
हे शेवटचं फार छान सांगितलंत काका. आमच्या घरी रेडिओ फळीवर होता आणि खाली आई दळायची. दोन्ही घरघर एकत्र यायच्या.

ग्राउंड_लूप | गुरुवार, सकाळी ९:३०
नाट्यगृहात गुणगुण आली तर वर दिलेला नॉच लक्षात ठेवा. प्रकाशाच्या डिमरमुळे हमखास येते.

खर्जातला_सा | गुरुवार, सकाळी १०:१५
नाट्यगृहात लॅपटॉपवर प्लगिन चालवू नका. पूर्ण तुकडा २४ बिट वेव्हमध्ये रेंडर करून न्या, पेन ड्राइव्हवर एक प्रत वेगळी. रीपरमध्ये ऑटोमेशनच्या बिंदूवर उजवं क्लिक करून आकार ‘स्लो स्टार्ट/एंड’ करा, सरळ रेषेपेक्षा सुरुवात मऊ होते. आणि मावशींची मूळ फाइल आहे तशीच वेगळी जपून ठेवा, तिच्यावर काहीही करू नका.

विंगेतली | गुरुवार, रात्री १२:४०
क्यू ४ होता. ०.७१ केला, शीळ गेली. खालचा फिल्टर शेवटी उघडला. आत्ता तालमीत लावलं तेव्हा आजीचं काम करणारी मुलगी पुढचं वाक्य विसरली, नुसती ऐकत उभी राहिली. दिग्दर्शक म्हणाला ४० सेकंद कमी पडतात, ५५ कर. करतेय.

लेटन्सी_झीरो | शुक्रवार, सकाळी ७:०५
५५ सेकंदांना बफर किती ठेवलाय?