मदत हवी आहे: कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार

नमस्कार मंडळी. पुण्यात वाघोलीला राहते. पूर्वेकडची गच्ची, सकाळी सात ते साडेबारापर्यंत चांगलं ऊन. १६ इंची कुंडीत कागदी लिंबाचं झाड आहे, तीन वर्षांचं. बाबांनी गावी स्वतः गुटी बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून, दिलेलं. ते ७८ वर्षांचे आहेत आणि दर रविवारी फोनवर आधी लिंबू कसं आहे ते विचारतात, मग मी कशी आहे ते.

फेब्रुवारीपासून शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी येताहेत. पान उजेडात धरलं तर शिरांचं जाळं हिरवं दिसतं, मधला सगळा भाग पिवळा. अगदी शेंड्याची दोन-तीन पानं तर जवळजवळ पांढरी. खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत. पानांमागे भिंगाने पाहिलं, कोळी नाही, पांढरी माशी नाही, कुठे डागही नाहीत.

झाड उपाशी असेल असं वाटून मी खत वाढवत गेले. शेणखत, गांडूळखत, दर पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस हे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) असलेलं खत पाण्यातून. शिवाय कुटलेली अंड्याची टरफलं आणि गावाहून आणलेली चुलीची राख. तरी पिवळेपणा वाढतोच आहे. जानेवारीपासून सोसायटीत बोअरचं पाणी येतं, हे महत्त्वाचं असेल का? कळकळीने विचारते आहे, हे झाड मला गमवायचं नाही.

प्रतिसाद

ताई, फार महत्त्वाचं आहे. तुम्ही जुनी पानं ठीक आहेत हे लिहिलंत, त्यातच अर्धं निदान झालं.

नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत हलतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. नत्र कमी असेल तर अख्खं जुनं पान शिरांसकट फिकं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर लिंबाच्या जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पिवळं होतं. लोह तसं हलत नाही. ते कमी पडलं की थेट शेंड्यालाच दिसतं, तुम्ही वर्णन केलंत तसंच. (नवी पानं बारीक, अरुंद आणि पिवळी-हिरवी चट्ट्यांची आली असती तर जस्तही म्हटलं असतं.)

पण कुंडीत लोह नाही असं नव्हे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठतात, मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. राख आणि टरफलांनी तो आणखी वर नेला. एकोणीस-एकोणीसमधल्या जास्तीच्या स्फुरदानेही लोह अडतं. म्हणजे झाड उपाशी नाही, ताट समोर असून हात बांधलेत त्याचे.

एक करून पाहा. कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल तर खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे.

राख, टरफलं, एकोणीस-एकोणीस आजपासून बंद. चिलेटेड लोहाची (लोह अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) पुडी आणा, ईडीटीए प्रकारचं. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचंच घ्या, चुन्याच्या मातीत तेच टिकतं; मात्रा पाकिटावरची. साधं हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत घातलं तर लवकरच तेही अडकतं. पावसाळा लागला की वरची दोन-तीन इंच माती काढून शेणखत आणि कोकोपीट भरा, आणि पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा.

प्रतिसाद

औषधाआधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती चिकट, आंबूस वासाची असेल तर मुळ्या कुजताहेत. कुजलेली मुळी लोह उचलत नाही, लक्षण हेच दिसतं. तळाचं भोकही तपासा.

धागाकर्ती

भोक मोकळं आहे, मातीला वास नाही. काठावरचा थर चमचाभर निघाला, व्हिनेगर पडताच फेस आला, इनोसारखा. पुडी आजच आणते.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)

तीन फवारण्या झाल्या. नव्या फुटव्याची आठ पानं हिरवी आली आहेत, चुरगळून वास घेतला तर तोच तिखट वास. आधीची पिवळी पानं थोडीच सुधारली, ती छाटू का?

प्रतिसाद

नका छाटू. जेवढी हिरवी आहेत तेवढं अन्न करतात. झाड स्वतः टाकेल तेव्हा टाकू द्या.

धागाकर्ती

बरं, नाही छाटत. दोघांचेही मनापासून आभार. बाबांना रविवारी सगळं सांगितलं. म्हणाले, अगं, आपल्या खालच्या वावरात चुनखडी आहे ना, तिथे उसावर केवडा पडायचा, पांढरीफटक पानं, तो हाच. आता त्यांना रोज फोटो हवा असतो.