कोल्हापूरच्या मेन राजाराम शाळेची मंडळी कोण कोण आहेत इथं? (अनुभव धागा)

रंकाळ्याचा वारा: काल भाच्याला अंबाबाईला घेऊन गेलो. भवानी मंडपात विचारतोय, "मामा, हा पण राजवाडाच काय?" म्हटलं, शाळा हाय रे, आमची! त्याला पटंना. काळा दगड, टोकदार कमानी, कुणाला पटंल? न्यू पॅलेसवाल्या चार्ल्स मँटचाच आराखडा. नाव कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं. ते १८७० साली इंग्लंडहून परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये वारले, जेमतेम विशीचे. १८८० पासून कॉलेजही इथंच होतं. लिहा आपापलं.

शेवटचा बाक: खिडक्या!! भिंती एवढ्या जाड की कोनाड्यात दोघं मावायचो, डबा तिथंच उघडायचा. मे महिन्यातबी दगड गार. पाठ टेकली की झोप. नवरात्रात सर बीजगणित शिकवतायत आणि बाहेर "उदो उदो". कुकर झाला, येतो नंतर.

बडोद्याची माई: आमचा लक्ष्मीविलास राजवाडाही मँटचाच हो. इमारती कोसळतील या धास्तीनं त्यानं जीव दिला असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, १८८१ मध्ये गेला एवढं नक्की.

शेवटचा बाक: माई, कोसळतीय कशाची! आमच्या बॅचनं काय कमी प्रयत्न केले?

निवृत्त मास्तर: वडील इथं कॉलेजला होते. ना. सी. फडके तेव्हा तत्त्वज्ञान शिकवायचे. घरात मात्र आम्हाला फडक्यांची कादंबरी वाचायची बंदी, हे एक कोडंच. गोपाळ कृष्ण गोखलेही याच कॉलेजचे विद्यार्थी.

पावसाळी: दगडी शाळा कसली, आमच्या गावी पत्र्याची. सर आली की गुरुजी फळ्यावर फक्त लिहायचे, बोलून उपयोग नाही. सॉरी, विषय सोडून लिहिलं.

रंकाळ्याचा वारा: चालतंय की. मध्यंतरी शाळा हलवून तिथं भाविकांची सोय करायचं निघालं, तेव्हा माजी विद्यार्थी कसले खवळले! बरं झालं. देवीला येणाऱ्यांची सोय व्हावीच, पण वर्ग उठवून कशाला?

तांबडा पांढरा: मंडपातला पेंढा भरलेला गवा कुणीच लिहीना? त्याच्या डोळ्यात बघितलं की परीक्षेत नापास, अशी आमच्या वर्गात अफवा.

शेवटचा बाक: मी कधीच बघितलं न्हाई. तरी झालो.

तांबडा पांढरा: 😂 कुठल्या विषयात?

शेवटचा बाक: इतिहास.