आडनावाच्या मराठी अक्षरावरून ऑल टाइम कसोटी टीम : 'त' ची टीम पुरी करायला मदत हवी

मिडऑनवाला
मंडळी, एक मदत पाहिजे. आम्ही लहानपणी लाइट गेली की वडिलांबरोबर हा खेळ खेळायचो, एक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराच्या आडनावांची अकरा जणांची टीम करायची. तेव्हा आम्ही इंग्रजी अक्षरं घ्यायचो. आता माझी मुलगी दुसरीत आहे, ती म्हणाली बाबा मराठी अक्षरं घेऊ. तिने वहीत क लिहून खाली एक ते अकरा आकडे घातले आणि सगळा खेळच बदलला की हो. इंग्रजीत जे तीन अक्षरांत विखुरलेत ते कुक, कोहली आणि अब्दुल कादिर मराठीत एकाच घरात येतात!

नियम असे : फक्त टेस्ट, आडनावाचं पहिलं अक्षर, जोडाक्षर असेल तर त्यातलं पहिलं व्यंजन धरायचं.

क ची टीम दहा मिनिटांत झाली. कुक, गॅरी कर्स्टन, कन्हाय, कोहली, कॅलिस, कॉम्प्टन, किरमाणी, कमिन्स, कुंबळे, कादिर, क्रॉफ्ट. एकट्या कॅलिसच्या १३,२८९ रन आणि २९२ विकेट, कुंबळेच्या ६१९. खान मंडळी ख मध्ये गेली त्यामुळे इम्रान हुकला, त्याचं वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

अडलंय ते त ला. तेंडुलकर लिहिला आणि पुढे पेन थांबलं. इंग्रजीत त्याच्याबरोबर ट्रम्पर, ट्रुमन, थॉमसन, मार्क टेलर असे सगळे असायचे, मराठीत ते ट आणि थ मध्ये गेले. सचिन एकटाच उभा आहे आणि पोरगी रोज विचारते, बाबा दुसरा कोण?

दादरकर_६७
अहो दुसरा कोण काय, नरेन ताम्हाणे! आपल्या मुंबईचा कीपर, २१ टेस्ट, ३५ कॅच आणि १६ स्टंपिंग. स्टंपिंगचा आकडा बघा, तेव्हा गुप्ते आणि मांकडच्या फिरकीला स्टंपाजवळ उभं राहून कीपिंग करणं म्हणजे काय चीज होती ते त्यावरून कळतं. आणि मुलीला एवढं जरूर सांगा की १९८९ ला सचिनला पाकिस्तान दौऱ्यावर निवडणाऱ्या सिलेक्शन कमिटीत हेच ताम्हाणे होते. वहीत दोघांची नावं खाली-वर येतील, यापेक्षा छान काय पाहिजे.

अजून एक मुंबईकर घ्या, केकी तारापोर, डावखुरा स्पिनर. १९४८ ला दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध एकच टेस्ट मिळाली, विकेट नाही मिळाली. पण त्या इनिंगमध्ये वेस्ट इंडीजच्या चौघांनी शंभरी मारली होती, वॉल्कॉट, गोमेझ, वीक्स, ख्रिस्तियानी, ६३१ रन झाले, कोणाला विकेट मिळायची?

चायनामन
दादरकर काकांनी वीक्स-वॉल्कॉटचं नाव काढलं म्हणून सांगतो, व ची टीम करा, क ला भारी पडेल. वॉर्नर, वुडफुल, वीक्स, वेंगसरकर, स्टीव्ह वॉ, वॉरेल कॅप्टन, वॉल्कॉट कीपर (सुरुवातीच्या टेस्टमध्ये तो कीपिंगच करायचा), वॉर्न, व्हेरिटी, विलिस, वॉल्श. वॉर्न ७०८ आणि वॉल्श ५१९, दोघांच्याच मिळून १,२२७ विकेट होतात. व्ह हे जोडाक्षर, म्हणजे तुमच्या नियमाने व्हेरिटी व मध्येच.

विश्वनाथ आणि विल्यमसन बाहेर बसवताना जिवावर आलं. विश्वनाथसाठी तर मी अर्धा तास घालवला. पण लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन दौऱ्यांत तीन शतकं मारणाऱ्या वेंगसरकरला मी नाही काढू शकत. वाडेकरांना १९७१ च्या वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमधल्या मालिका विजयांसाठी मॅनेजर म्हणून न्यायचं, ते पाहिजेतच.

बॅकफूट_पंच
त साठी माझ्याकडून : हसन तिलकरत्ने, श्रीलंका, ८३ टेस्ट आणि ११ शतकं. झिंबाब्वेचा ततेंदा तैबू, कीपर आणि कॅप्टन. लेगस्पिनर इम्रान ताहिर. आणि तुमच्या जोडाक्षराच्या नियमाने फास्ट बोलर पण मिळाला, त्सोत्सोबे, साउथ आफ्रिकेचा डावखुरा! पाकिस्तानचा सोहेल तन्वीर धरला तर आठ झाले. कोणीतरी तिलकरत्ने दिलशान सुचवेलच, पण स्कोअरकार्डवर तो दिलशान म्हणून लागतो, म्हणून द.

मिडऑनवाला
काय माणसं आहात राव तुम्ही, मनापासून थँक्यू. रात्री वहीत आठही नावं लिहून झाली. ताम्हाणेंचं १९८९ चं सांगितलं तर पोरगी म्हणाली मग त्यांना सचिनच्या लगेच खाली लिही, आणि आधी लिहिलेला तिलकरत्ने खोडून खाली नेला. त्सोत्सोबे म्हणताना तर हसून हसून बेजार.

आता बोलिंग होईल, कीपर एक सोडून दोन आहेत, पण ओपनर एकही नाही. सचिनला वनडेत ओपन करताना बघितलंय पण टेस्टमध्ये त्याची जागा चार नंबरची, तिथून मी त्याला हलवणार नाही. त अक्षराचे टेस्ट ओपनर कोणाला आठवत असतील तर सांगा, नऊ, दहा, अकरा हे आकडे अजून रिकामे आहेत.

दादरकर_६७
तोवर ताम्हाणेंना वर पाठवा. तैबूला पाच नंबरला खेळवा फलंदाज म्हणून, ग्लोव्हज मात्र ताम्हाणेंकडेच राहू देत.