ओरॅकल १९सी डेटाबेस: टेबल असेल तरच ड्रॉप करायचंय (काढून टाकायचंय), स्क्रिप्ट मध्येच थांबते (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, डेटाबेस उभा करायची एक स्क्रिप्ट आहे, एसक्यूएल प्लसमधून चालवतो, आणि वर व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट लिहिलंय म्हणजे एरर आली की तिथेच थांबते, ते मला हवंच आहे. आता नव्या मशीनवर टेबलंच नसतात त्यामुळे पहिल्याच ड्रॉपला ओआरए-००९४२ (असं टेबल नाही) येऊन सगळं बंद, आणि ड्रॉपच्या ओळी काढल्या तर जुन्या मशीनवर क्रिएटला ओआरए-००९५५, या नावाचं आधीच काहीतरी आहे म्हणून. मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स लिहायची सवय, इथे तेही घेत नाही.

मग कुठेतरी बघून प्रत्येक ड्रॉप बिगिन-एंडमध्ये एक्झिक्यूट इमिजिएटने टाकला आणि खाली व्हेन अदर्स देन नल, म्हणजे कुठलीही एरर आली तरी दुर्लक्ष. नव्या मशीनवर मस्त चाललं. पण जुन्यावर कस्टमर्स टेबलला परत ९५५! अहो वरच्याच ओळीत ड्रॉप केलंय ना, मग टेबल राहिलं कसं? दोन दिवस यातच गेलेत, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १:
ड्रॉप झालेलाच नाहीये. कस्टमर्सकडे बोट दाखवणारी फॉरेन की दुसऱ्या टेबलात असणार, बहुतेक ऑर्डर्समध्ये, तेव्हा ओआरए-०२४४९ (दुसऱ्या टेबलाची फॉरेन की याच्यावर आहे) येते आणि तुमचं देन नल ती गिळून टाकतं. देन नल कधीच लिहू नका, कळकळीने सांगतोय. त्याजागी एसक्यूएलकोड (एररचा नंबर) उणे ९४२ नसेल तर रेझ, म्हणजे एरर पुढे जाऊ द्यायची, एवढंच. म्हणजे टेबल नाही ही एकच एरर माफ, बाकी सगळ्या दिसतील. आणि एंडनंतर नव्या ओळीवर स्लॅश विसरू नका.

प्रतिसाद २:
ड्रॉपच्या शेवटी कॅस्केड कन्स्ट्रेंट्स लावलं की २४४९ येणार नाही. पण त्याने ऑर्डर्सवरची फॉरेन की गुपचूप जाते, ऑर्डर्स टेबल तसंच राहतं. पुढे तेही नव्याने बनवणार असाल तर ठीक, नाहीतर ती की परत कोणी लावत नाही. मी तरी आधी ऑर्डर्स मग कस्टमर्स असाच क्रम ठेवतो. ओरॅकलच्या २३एआय आवृत्तीला गेलात की इफ एक्झिस्ट्स तिथे आहे.

धागाकर्ता:
रेझ टाकलं आणि लगेच २४४९ दिसली, ऑर्डर्सच होतं! क्रम उलटा केला, दोन्ही मशीनवर चाललं. दोघांचेही मनापासून आभार. सीक्वेन्सचंही (क्रमाने नंबर देतो तो) असंच करायचंय, तिथे ९४२ ऐवजी २२८९ (असा सीक्वेन्स नाही) तपासायचा ना?

प्रतिसाद १:
हो, उणे २२८९.